चौकशीही चालू, पेन्शनही चालू

मामाजी, ऑर्डर आली!

तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आली. मी सेतू केंद्राचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई वाकून आत शिरला. म्हणाला, "ताई, हे तुमचंच लफडं दिसून राहिलं, वाचा." मी उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं. मग त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मनातल्या मनात वाचून माझा विश्वासच बसत नव्हता. "लाभार्थ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय व चौकशी पूर्ण झाल्याशिवाय निराधार पेन्शन बंद करण्यात येऊ नये. यापूर्वी बंद केलेली पेन्शन तात्काळ सुरू करावी." तात्काळ, मामाजी! सरकारी कागदावर तात्काळ!

शटर तसंच अर्धं सोडून मी पळत सुटले. हनुमानाच्या पारावरची माणसं विचारत होती, काय झालं, कोण गेलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्यांदा तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या छपरीत पाय ठेवला, "मामा" एवढं तोंडातून निघालं आणि मग आठवलं.

मामी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला, माझा दम लागलेला पाहिला. "त्यायले सांगाले आली काय वं? बस. मले सांग."

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "जमलं म्हना मंग. पन आता तू भांडन कोनाशी करशील?"

तेच तर. भांडण तुमच्याशी होतं आणि ते अर्ध्यावर आहे. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही आपल्या गावचे पोस्टमन होता. मी पाळण्यात असल्यापासून ते कॉलेजात जाईपर्यंत. निराधारांचे पैसे तेव्हा मनिऑर्डरनं यायचे आणि तुमचा एक नियम होता: ज्याचं नाव, त्याच्याच हातात. मुलगा म्हणाला मी देतो आईला, तरी नाही. सून म्हणाली सासूबाई झोपल्या आहेत, तरी नाही. तुम्ही सायकल भिंतीला टेकवून बसून राहायचे. "झोपू दे. उठल की देतो." एकदा एका आजीबाईंसाठी तुम्ही धानाच्या बांधीत चिखल तुडवत गेला होता आणि अंगठा घेताना त्यांचा चिखलाचा अंगठा फॉर्मवर उमटला, तर साहेबांनी तुम्हाला झापलं होतं. हे तुम्हीच सांगायचे, दर वेळी चिखल थोडा वाढवून.

माझी पदवी पोस्टानं आली तेव्हा तुम्ही रिटायर झालेले. तरी नव्या पोस्टमनच्या हातून ते पाकीट तुम्ही मागून घेतलं आणि खाकी शर्ट घालून आमच्या दारात आले. आईनं हात पुढे केला. तुम्ही पाकीट मागं घेतलं.

"तुझी आहे काय डिग्री?"

"माझ्या पोरीची आहे ना, भाऊ."

"मंग पोरीले बोलाव. सही पाहिजे."

मी नदीवर कपडे धुवायला गेले होते. तुम्ही पाऊण तास बसलात. मी ओल्या हातानं सही केली आणि तुम्ही मला पहिल्यांदा 'बीए' म्हणून हाक मारली. आमच्या घराण्यात तोवर कुणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं. त्याआधी कॉलेजचा फॉर्म भरायला मला भंडाऱ्याला तुम्हीच नेलं होतं आणि मी पेन तुमच्या हातात दिला तर तुम्ही हात खिशात घातले होते. "तुझ्या हातानं लिही. चुकली तं दुसरा फॉर्म घेऊ." आज माझ्या काउंटरवर मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. प्रत्येकाला आधी विचारते, तुम्ही लिहिता का? बहुतेक नाही म्हणतात. पण विचारते.

आता भांडणाकडे येते.

तक्रार तुमची होती. आपल्या गावच्या निराधारांच्या यादीत चार नावं खोटी आहेत, असं तुम्ही सहीनिशी लिहून दिलं होतं. नाव लपवून नाही. चौघांत एक दामोदर, ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा असतो आणि जो कागदावर भूमिहीन आहे. तुम्ही बरोबर होता. कोण कुठल्या घरात काय खातो हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पण तालुक्याच्या कार्यालयानं चार नावं तपासायची सोडून आख्ख्या गावाची यादीच थांबवली. चौकशी होईपर्यंत सगळ्यांची पेन्शन बंद. पहिल्या महिन्यात लोकांना वाटलं, बँकेचं मशीन खराब आहे. दुसऱ्या महिन्यात कळलं, मामाजींनी तक्रार केली म्हणून. तिसऱ्या महिन्यात मी तुमच्या छपरीत येऊन भांडले. तुम्ही बशीत चहा ओतला होता आणि तो तसाच राहिला.

"संशय आला का रोकाचं," तुम्ही म्हणाले. "मी नोकरीभर हेच केलं. मनिऑर्डरवर नाव एक अन् दारात मानूस दुसरा, तं पैसे बॅगीत वापस. मंग चौकशी."

"तुम्ही एकाची मनिऑर्डर रोकत होते, मामाजी. आख्खी बॅग नाई रोकली कधी."

"अवं, पैसा चुकीच्या हाती गेला तं वापस येत नाई."

"अन् बरोबर हाती गेलाच नाई तं? तो महिना वापस येते काय?"

"दोन-चार महिन्यात कोनी मरत नाई, बीए."

मी चप्पल घालून निघून आले. तुमच्याशी इतकी वर्षं भांडले, पण न सांगता उठून गेले ती एकच वेळ. मामींनी मागून हाक मारली, "चहा तं घे," तरी थांबले नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागितली नव्हती. आता मागते.

यमुनामावशीकडे तुम्हाला मीच नेलं. खरं सांगायचं तर तुम्हाला तिचे रिकामे डबे दाखवायचे होते. विधवा बाई, मूल नाही, पेन्शनशिवाय दुसरं काही नाही. पण तपासणीला आलेल्या माणसानं तिच्या घरातल्या हातमागाचा मोबाइलवर फोटो काढला आणि लिहिलं, "हातमाग चालू स्थितीत. उत्पन्नाचे साधन आहे." त्या माणसाचाही काय दोष? माग होता. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवलेला होता. त्याला कोण सांगणार की आपल्या मोहल्ल्यात विणणाऱ्याच्या घरी माग रिकामा ठेवत नाहीत? काका गेल्यापासून मावशी विणत नाही, तिला धागाच दिसत नाही. तोच जुना ताणा पिवळा पडून राहिलेला. सकाळी दिवा लावला की ती अंदाजानं आडव्या धाग्याचा धोटा एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे फेकायची. बस. महिनाभरात त्याचं बोटभर कापड होत नसेल. आमच्याकडे आजीही असंच करायची. बाबा विणकर आहेत म्हणून मला माहीत, आणि तुम्ही इतकी वर्षं तिच्या दारात उभे राहिले म्हणून तुम्हालाही माहीत.

आपण आत गेलो आणि आपण दोघंही थांबलो. माग रिकामा होता. नुसती लाकडं. मला हे माहीत नव्हतं, मामाजी, शपथेवर सांगते.

"ताना कोठी गेला?" तुम्ही विचारलं.

"कापला. बाजेखाली ठेवला आहे."

"कोनं कापला?"

"मीच. दुसरं कोन आहे घरी कापाले?" मावशी हसली. "सायबाले भरला दिसला म्हनून बंद केले ना पैसे? आता ये म्हना. काढ म्हना फोटो."

तिनं काळा चहा केला. तुम्ही तो सगळा प्यायलात आणि बशी पालथी घातली. बाहेर आल्यावर सायकलवर बसला नाहीत, ती हातात धरून घरापर्यंत चालत गेलात. मी शेजारून चालत होते आणि 'कोनी मरत नाई' हे तुमचं वाक्य तुम्हाला आठवून द्यायला माझी जीभ वळवळत होती. नाही दिलं. बरं झालं नाही दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही आमच्या दारात. "चाल वं बीए. भंडाऱ्याची बस भेटते."

काय दिवस होता तो! जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रारी ऐकायचा दिवस. स्टँडपासून ऑटो करू म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाही, पितळी भांड्यांच्या दुकानांसमोरून तरातरा चालत निघाले, मी मागं पळते आहे. आपला नंबर शेवटचा होता, अर्जावर सह्या आपल्या दोघांच्या. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "मॅडम, या गावातली तक्रार माझी आहे. ते चौघं खोटे आहेत, मी मागं घेत नाई. अन् बाकीच्यायचे पैसे चालू करा, हा अर्ज पन माझाच आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं आहात?"

"मी पोस्टमन होतो, मॅडम."

त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बसा. सुरुवातीपासून सांगा." तुम्ही सुरुवातीपासूनच सांगितलं, चिखलाच्या अंगठ्यापासून! मी तुमचा शर्ट ओढत होते. मॅडमनी सगळं ऐकलं. मागाचं सांगताना तुमचा आवाज बसला, तेव्हा पुढचं मी सांगितलं. ताणा कापल्याचं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी हवेत होते आणि तुम्ही लगेच मला खाली आणलं.

"त्या चौघायचं मात्र बंदच पाहिजे."

"ऐकून न घेता?"

"मी पाहिलं आहे ना डोळ्यानं. ट्रॅक्टर दिसत नाई काय तुले?"

"मावशीचा माग बी त्या मानसानं डोळ्यानंच पाहिला, मामाजी."

पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं, इतक्या जोरात बोलले मी. तुम्ही म्हणाले, "म्हंजे चोराले बी पगार चालू?" मी उत्तर देणार एवढ्यात फाटा आला, कंडक्टरनं घंटी मारली आणि उतरता उतरता तुम्ही म्हणाले, "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आंधळगावच्या बाजाराला गेलात. नंतर धानाची रोवणी लागली, कुणालाच वेळ नव्हता. आणि एका सकाळी सायकलच्या चाकात हवा भरता भरता तुम्ही अंगणात खाली बसलात आणि उठलात नाही. मामी सांगत होत्या, पंप हातातच होता.

उत्तर माझ्याकडे राहून गेलं. खरं सांगू? तेव्हा ते माझ्याकडे नव्हतंच. तुम्ही "उद्या सांग" म्हणालात तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

आता ऑर्डरनंतरचं ऐका! पैसे खरंच आले. सगळ्यांचे. बँकेसमोर रांग लागली आणि यमुनामावशी रांगेत नंबर सोडून सगळ्यांना मागंपुढं जाऊन भेटून आली. बाबा तिच्याकडे ताणा जोडायला बसले आहेत, एकेक धागा गाठ मारून, दोन दिवस तरी जातील. मजुरी विचारली तर बाबा म्हणाले, "चहा दे, पन दूध टाक." ती म्हणाली, "भाऊ असते तं पाहाले आले असते." तुम्हालाच म्हणत होती.

तुमच्या चौघांचेही आले. हो, दामोदरचेही. मला माहीत आहे तुम्ही आता काय म्हणणार. मी यादी स्क्रीनवर दोनदा पाहिली. शिवाय एक गोष्ट आहे जी मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. दामोदरच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज माझ्याच काउंटरवरून गेला होता. त्यानं जो आकडा सांगितला तो मी टाइप केला. ट्रॅक्टर मलाही दिसत होता. मी मान वर केली नाही. तुमच्याशी भांडताना प्रत्येक वेळी हे मला आठवत होतं. तुम्ही मला एवढ्या हौसेनं 'बीए' म्हणत होता की सांगायचं धाडस झालं नाही.

परवा दामोदर आला. हातात नोटीस. आता नव्या ऑर्डरप्रमाणं चौघांना सुनावणीची नोटीस निघाली आहे, त्यात आरोप काय, कागद कोणते आणायचे, सगळं लिहिलेलं. तो खुर्चीवर ऐसपैस बसला.

"काय वं पोरी, तुझ्या मामाजीनं बंद केली, तू चालू केली. थँक्यू. आता यवढं उत्तर लिहून दे."

"देते. तुम्ही सांगा, मी लिहिते. जमीन किती?"

"लिही ना, नाई म्हनून."

"तुमच्या नावावर नाई, का घरात कोनाच्याच नाई? नोटिशीत दोन्ही विचारलं आहे. अन् ट्रॅक्टर कोनाचा?"

त्यानं नोटीस टेबलावर उलटी ठेवली. मामाजी, तुम्ही तिथं पाहिजे होता! हाच दामोदर पेन्शन बंद होती तेव्हा तालुक्याच्या कार्यालयासमोर सगळ्यांत पुढं उभा होता. गरिबाच्या पोटावर पाय दिला म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता आणि यमुनामावशी त्याच्या मागं उभी राहून मान हलवत होती. सगळ्यांचं बंद होतं तेव्हा तोही निराधारच होता. गर्दीत त्याला कुणी ओळखूच शकत नव्हतं. आज सगळ्यांचं चालू आहे, गर्दी घरी गेली, आणि माझ्यासमोर खुर्चीवर तो एकटा, हातात त्याच्या एकट्याच्या नावाचा कागद.

हे माझं उत्तर आहे, बसमधल्या प्रश्नाचं. चोराला दोन-तीन महिने पगार चालू राहतो, हो. तो मला टोचतोही. पण तुम्हाला जो शोधायचा होता तो सगळं बंद करून सापडत नव्हता, लपत होता. मला हे इतकं उशिरा सुचलं की मी आनंदानं टेबलावर हात आपटला. दामोदर दचकला.

आणि मग तो हसत म्हणाला, "लिहून कायले देतो मी बी? तक्रारवाला तं गेला. मेलेल्याची तक्रार कोन चालवते? फाईल बंद होईल."

तो नोटीस घडी करून निघाला. मी कोरा फॉर्म त्याच्या खिशात कोंबला, म्हटलं, "तरी भरून आना. तुमचा हक्क आहे."

मग तालुक्याला गेले. बाबूंनी फाईल काढली, तुमची सही पाहिली आणि दामोदर म्हणाला तेच म्हणाले. "तक्रारदार मयत. दुसरं कोणी तक्रारदार म्हणून उभं राहत असेल तर ठीक, नाहीतर बंद." पुढं म्हणाले, "ताई, पेन्शन चालू करा म्हणून अर्जावर तुमचीही सही होती ना? मग आता उलटं कशाला?"

मी म्हटलं, "उलटं नाही साहेब. थोडा वेळ द्या."

मी घरी आले. बाबा मावशीकडून नुकतेच परतले होते, बोटांना धाग्याची खळ लागलेली. सगळं सांगितलं. दाखल्याचं, मान वर न केल्याचंही. हात धुता धुता ते म्हणाले, "चार घरं सोडून राहाते तो. त्याच्या बांधीतून आपला रस्ता आहे. गावात राहाचं आहे आपल्याले."

"हो, बाबा."

"तुझं दुकान बी लोकायवर चालते."

"हो."

सकाळी मी तालुक्याला निघाले तेव्हा बाबांच्या मोटरसायकलची किल्ली उंबऱ्यावर ठेवलेली होती.

तुमच्या सहीखाली मी सही केली आहे, मामाजी. पूर्ण नावानं. खाली एका ओळीत दाखल्याबद्दल माझी चूकही लिहून दिली, म्हणजे दामोदरनं ती काढायच्या आधी माझ्याच हातानं कागदावर असावी. बाबूंनी ती ओळ दोनदा वाचली आणि शिक्का मारला.

मंगळवारी सुनावणी आहे. टेबलाच्या त्या बाजूला दामोदर असेल, या बाजूला मी. कधी एकदा मंगळवार उजाडतो असं झालं आहे. त्याला आधी बोलू देणार आहे. पूर्ण. मध्ये एक शब्द बोलणार नाही. मग मी बोलेन.

तुम्हाला तेवढं गप्प बसणं जमलं नसतं.